मऊ वेष्टण

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न तसा सहजच विचारला. ब्रुनो फोर्मेला अठ्ठावीस वर्षं गोदीत होता आणि जहाजांच्या इंजिनघरातल्या पाइपांना उष्णता धरून ठेवणारं वेष्टण चढवायचा, हे त्याच्या कागदांवर होतंच. छातीतलं पाणी दोनदा काढून झालं होतं. आतला तुकडा तपासून आला होता आणि दुखण्याचं लांबलचक नाव त्याला सांगूनही झालं होतं. त्याच्या टोळीतल्या बारापैकी सात जण त्याच दुखण्याने गेले होते, त्यामुळे त्याला धक्का असा बसला नाही. आपलीही पाळी आली, एवढंच वाटलं. मग बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "ते अ‍ॅस्बेस्टॉसचं सामान कधी घरी आणलं होतंत का? घरच्या पाइपांना वगैरे लावायला?"

"नाही," ब्रुनो म्हणाला.

ग्दान्स्कहून रुमियाला परत येताना बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला आणि ते सामान लावलेली घरं मनातल्या मनात मोजू लागला. एकूण अकरा भरली.

सत्तरच्या दशकात तो राहायचा त्या कालिनोवा रस्त्यावरची सगळी घरं लोकांनी आपल्या हातांनी बांधली होती. बहुतेक सगळे गोदीतलेच. शनिवार-रविवार एकमेकांच्या घरी राबायचे. कोणी विटा रचून द्यायचा, कोणी वीज जोडून द्यायचा, कोणी खिडक्या बसवायचा. घर उभं राहिलं, तळघरात कोळशाचा बंब बसला, पाइप फिरले, की ब्रुनोला बोलावणं यायचं. गोदीतून उरलंसुरलं सामान पाठपिशवीतून घरी येत असे. त्याला कोणी चोरी म्हणत नसे. सरळ पाइपांवर तो अर्धगोल पट्ट्या बसवायचा, वळणांवर पांढऱ्या भुकटीचा लगदा मळून हाताने थापायचा. वरून कापड चढायचं. ते कापड त्याची बहीण गिझेला बाकदार सुईने पाइपावरच शिवायची. तिचे टाके असे सारखे पडत की पाइपाला अंगरखा घातल्यासारखं दिसे. शेवटी तेलरंगाचे दोन हात. लोक तळघरात पाहुण्यांना नेऊन दाखवायचे.

गिझेला त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. शिवणकामाच्या कारखान्यात होती, लग्न केलं नाही. ब्रुनोची बायको वारल्यावर ती वरच्या मजल्यावर राहायला आली आणि तेव्हापासून दोघांचा चुलाही एकच झाला. त्या संध्याकाळी तिने जवाचं सूप वाढलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. ब्रुनोने दुखण्याचं नाव सांगितलं. गिझेलाने चमचा खाली ठेवला. मग उठून त्याच्या ताटलीत आणखी एक पळी सूप घातलं. डॉक्टरीणबाईंनी सामान घरी आणण्याबद्दल विचारलं होतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

आठवडाभर त्याला नीट झोप लागली नाही. अ‍ॅस्बेस्टॉस वाईट, हे त्याला आत्ता कळलं होतं असं नाही. बंदी येऊनही नऊ वर्षं झाली होती. पालिकेची माणसं येऊन कोणाच्या छपरावर जुने पत्रे आहेत ते लिहून गेली होती. तळघरात कोणी डोकावलं नाही, आणि ब्रुनोनेही कोणाला खाली नेलं नाही. कापडाखाली बंद आहे, रंग शाबूत आहे, तोवर ते कोणाच्या नाकात जात नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आणि ती खोटीही नव्हती. पण रंग उडतो, कापड कुजतं, घर विकलं जातं, नवा माणूस चाकू घेऊन खाली उतरतो. हे पुढचं त्याने कधी मनात येऊ दिलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर लोकांनी बंब पेटवायला सुरुवात केली, तेव्हा तो उठला आणि समोरच्या आठ नंबरात गेला.

तिथे क्लारा राहायची, त्याच्या टोळीतल्या लेओन हिंत्सची विधवा. तिने त्याला चहा दिला, प्लमचा केक कापला. त्याला काय सांगायचंय ते ती शांतपणे ऐकून घेत होती. मग दोघं तळघरात उतरले. पाइपावरचा रंग पिवळा पडला होता, पण कापड कुठे फाटलेलं नव्हतं. एका वळणावर मात्र लगद्याला चीर गेली होती आणि खाली फरशीवर पिठासारखं काहीतरी सांडलं होतं. ब्रुनोने तिला मागे उभं केलं. साबणाचं पाणी मागवलं, चीर भिजवली, ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि फडकं पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. झाडू लावायचा नाही, असं तिला बजावलं.

"वीस वर्षं झाडतेय मी इथे," क्लारा म्हणाली.

त्याने पिशवीला आणखी एक गाठ मारली. तिनेच पुढे विचारलं, "गिझेलाला माहीत आहे का, तू हे सांगत फिरतोयस ते?"

"सांगीन, वहिनी."

"सांगीन नको. आधी तिला सांगायचं होतंस."

तो मान हलवून निघाला, आणि घरी न जाता चौदा नंबराकडे वळला. अकरा घरांत दारोदार जाणं त्याला सोपं वाटत होतं. अवघड होतं ते एकच, त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर.

चौदा नंबरातली मूळ माणसं केव्हाच शहरात गेली होती. आता तिथे माल्विना श्रेडर राहायची, तिशी नुकतीच ओलांडलेली, शाळेत संगीत शिकवणारी. नवरा व्यापारी जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. ब्रुनोने दारातच सांगितलं की मी गोदीत वेष्टणाचं काम करायचो, या रस्त्यावरच्या जुन्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे, तुमचे पाइप बघू द्याल का. कोणाच्या हातचं काम, ते त्याने सांगितलं नाही. दुकानात दिसणारा म्हातारा आपणहून एवढी काळजी करतोय म्हणून ती हरखलीच. "या ना काका," म्हणाली, "पण बघायला आता काही उरलं नाही. मी मे महिन्यातच सगळं काढून टाकलं."

तळघरात उतरताच ब्रुनोच्या अंगावर गरम हवा आली. भिंतीभर उघडे पाइप चमकत होते. जमिनीवर जाड गालिचा, त्यावर आठ छोट्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या, कोपऱ्यात अकॉर्डियनच्या पेट्या. सप्टेंबरपासून इथे शिकवणी चालते, माल्विना सांगत होती. पाइप गुंडाळलेले होते तेव्हा खोली गार पडायची, म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या सुरीने सगळं खरवडलं. चार दिवस लागले. आई आली होती मदतीला. ढिगारा झाडून गोणीत भरला आणि कचऱ्याच्या गाडीत दिला. गालिचा तेव्हाही खाली होताच, तो नंतर अंगणात टांगून बडवला.

ब्रुनो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग त्याने विजेरी मागितली आणि गुडघ्यांवर बसून बंबामागे पाहिलं. पाइप भिंतीत शिरत होता तिथे सुरी पोचली नव्हती. वीतभर वेष्टण तसंच राहिलं होतं, आणि त्यावरचे टाके त्याने लगेच ओळखले.

माल्विनाही वाकून बघत होती. "किती सुबक शिवलंय नाही?" ती म्हणाली. "काढताना मला वाईट वाटलं होतं. मग, काका, तेच आहे का हे?"

त्याने तिला खरं तेच सांगितलं, पण अर्धं. नुसत्या डोळ्यांनी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. काचेचा कापूसही असू शकतो. पुढे पुढे तोच यायचा. तो पिवळट असतो, चकाकतो, त्याचा तंतू आडवा तुटतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो, केसाहून बारीक होतो, तरी संपत नाही. तपासूनच घ्यावं लागेल. त्याने ती जागा नीट भिजवली, तोंडाला ओला रुमाल बांधला, शेंगदाण्याएवढा तुकडा कापून काचेच्या बरणीत टाकला आणि कापलेल्या जागेवर चिकटपट्टी लावली. बरणीत तुकडा पडला तेव्हा पांढऱ्या लगद्यात निळसर रेघा दिसल्या. गोदीत निळं सामान जहाजाच्या बंबांना वापरत. सगळ्यात उत्तम म्हणून ते राखून ठेवायचे. आपल्या शेजाऱ्यांसाठी त्याने मुद्दाम तेच आणलं होतं.

"निकाल येईपर्यंत इथे शिकवू नका," तो म्हणाला. "दार बंद ठेवा. गालिचाला हात लावू नका."

"बुधवारी मुलं येणार आहेत."

"वरच्या खोलीत बसवा."

निकाल बारा दिवसांनी आला. त्या बारा दिवसांत ब्रुनो आणखी दोन घरी जाऊन आला. एका ठिकाणी त्याला दारातून परतवून लावलं, कारण त्यांना घर विकायचं होतं आणि असलं काही कानावरही नको होतं. तेराव्या दिवशी माल्विना त्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात कागद होता. निळ्या जातीचा अ‍ॅस्बेस्टॉस, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

ती रडत नव्हती. आई चार दिवस माझ्याबरोबर खाली होती, असं ती दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "आठ मुलांच्या आयांना मी काय सांगू, काका? तुम्हीच सांगा. ज्याने हे माझ्या घरात आणून लावलं त्याला माहीत तरी होतं का?"

"तेव्हा नव्हतं," ब्रुनो म्हणाला. "नंतर कळलं. मीच लावलंय ते, माल्विना. त्र्याहत्तर साली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. 

"मी मे महिन्यात काढलं," ती म्हणाली. "तुम्ही मला रोज दुकानात भेटत होता. एप्रिलमध्ये का नाही आलात?"

 तिने कागदाची नीट घडी केली आणि ती निघून गेली. त्यानंतर ब्रुनो जिवंत असेपर्यंत ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.

तो घरात आला तेव्हा गिझेला स्वयंपाकघरात बसलेली होती. टेबलावर बटाटे अर्धे सोललेले, सुरी बाजूला ठेवलेली. खिडकी फाटकाच्या बाजूलाच होती.

"क्लाराने मला रविवारीच सांगितलं," ती म्हणाली. "प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर. मी वाट बघत होते, आज सांगशील, उद्या सांगशील."

ब्रुनो कोट न काढताच खाली बसला.

"ते पाइप मी शिवलेत, दादा. सगळ्या गल्लीला सांगत सुटलास. मी काय परकी?"

"मला जमत नव्हतं गं."

"का?"

"तू माझ्यामुळे आलीस त्या कामाला. मी म्हटलं म्हणून. तुला काय पडलं होतं, शनिवारी नाचायला जायचं सोडून लोकांच्या तळघरात सुई घेऊन बसायचं?"

गिझेलाने एक बटाटा उचलला, सोलायला सुरुवात केली आणि पुन्हा ठेवून दिला. मला आवडायचं, ती म्हणाली. एवढंच.  ब्रुनोला खोकल्याची उबळ आली. तिने उठून पाणी दिलं आणि तो पाणी पिईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"किती घरं राहिली?" तिने विचारलं.

"सात. पण कुठे हे लावलं आणि कुठे काचेचा कापूस, ते मला आठवत नाही. अठ्ठ्याहत्तरनंतर जे हाताला लागेल ते आणायचो. वरून रंग दिल्यावर सगळं सारखंच दिसतं. प्रत्येक ठिकाणी कापून बघायचं म्हणजे उगाच धूळ उडवायची."

गिझेला खुर्चीत बसली. तिने आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. सत्तावन्न वर्षांचे हात, बोटांची पेरं सुजलेली.

"मला आठवतं," ती म्हणाली. "काचेचा कापूस टोचायचा. शिवताना बोटांत बारीक कुसळं जायची, मनगटापर्यंत लाल व्हायचं. त्या घरांत मी हातमोजे घालायचे. आणि दुसरं ते मऊ होतं. लोकरीसारखं. त्या घरी जायचं म्हटलं की मला बरं वाटायचं." ती थांबली. "एकवीस नंबरात टोचायचं. सतरातही. अकरात मऊ होतं. एकोणीसमध्येही मऊ. तिथे मी गाणं म्हणत शिवलं होतं, लेओन हिंत्स हसला होता मला."

ब्रुनोने खिशातून पेन्सिल काढली, वर्तमानपत्राच्या कडेवर ती सांगेल तसं लिहून घेतलं. अकरापैकी चार टोचणारी निघाली. सात मऊ. चौदा नंबर मऊ होता, आणि त्यांचं स्वतःचं तळघरही. ज्या पाइपाच्या उबेला गिझेला तीस वर्षं हिवाळ्यात कपडे वाळत घालत होती, तोही मऊच होता.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर निघाली. बोलणं बहुतेक तीच करायची, कारण ब्रुनोला चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. ती आडवळणाने काही सांगत नसे. माझ्या भावाने लावलं, मी शिवलं, तुमच्याकडे वाईट जातीचं आहे, हात लावू नका, माणसं बोलावून काढून घ्या, असं सरळ म्हणायची. टोचणाऱ्या घरांतही ती अभय देत नसे. वळणांवरचा लगदा तपासून घ्या, असं सांगायची. काहींनी आभार मानले. अकरा नंबरातल्या माणसाची बायको दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या दुखण्यानेच गेली होती. तो सगळं ऐकून आत गेला आणि पुन्हा बाहेर आलाच नाही. दोघं दहा मिनिटं अंगणात उभी राहून परत फिरली.

माल्विनाने आठही घरी जाऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यात अ‍ॅस्बेस्टॉस काढणारी, पांढऱ्या सूटमधली माणसं तिच्या घरी आली, तळघराच्या खिडक्यांवर प्लॅस्टिक लावलं, गालिचा आणि खुर्च्यासुद्धा पिशव्यांत बांधून नेल्या. मुलं तिथे दीड महिना आठवड्यातून एकदा बसली होती. डॉक्टरांनी आयांना सांगितलं की एवढ्याने काही होईलच असं नाही, आणि होणार नाही असंही आम्ही सांगू शकत नाही. कळायला तीस-चाळीस वर्षं जातात. दोन आया तेव्हापासून माल्विना दिसली की रस्ता बदलतात. अकॉर्डियनची शिकवणी बंद झाली.

फोर्मेलांच्या घरी ती माणसं डिसेंबरमध्ये आली. ब्रुनोला तोवर उभं राहवत नव्हतं. त्याला क्लाराच्या खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं. तिथून त्याने आपल्या दारातून एकामागून एक पिशव्या निघताना पाहिल्या. क्लाराने पडदा ओढू का विचारलं, तर नको म्हणाला.

फेब्रुवारीत तो गेला. शेवटचे तीन आठवडे त्याला श्वास पुरत नव्हता आणि बोलणंही जवळजवळ बंद होतं. एकदा फक्त त्याने गिझेलाला छातीचा फोटो काढलास का म्हणून विचारलं. तिने हो म्हटलं. छातीच्या फोटोत फुप्फुसाच्या आवरणावर दोन जाड ठिपके दिसले होते. हे दुखणं नाही, नुसती खूण आहे, दरवर्षी येऊन दाखवून जा, असं तिला सांगितलं होतं. तिने ब्रुनोला सांगितलं की फोटो स्वच्छ आहे. त्याने विश्वास ठेवला की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दफनाला गल्लीतले बरेच लोक आले. माल्विना दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहिली, मेणबत्ती लावली आणि नंतरच्या जेवणाला न थांबता गेली.

एक घर मात्र राहूनच गेलं होतं, एकोणीस नंबर. मालक नॉर्वेत कामाला, घर तीन वर्षं बंद. गिझेलाने दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. मग मे महिन्यातल्या एका सकाळी तिला त्या घराच्या खिडक्या उघड्या दिसल्या आणि दारात एक टेम्पो. ती होती तशी, एप्रन न सोडता, तडक तिकडे गेली.

पायऱ्यांवर दोन माणसं पाव आणि मासे खात बसली होती. दोघंही डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरी झालेली. मुकादम आतून बाहेर आला. काय हवंय म्हणून त्याने विचारलं, आणि तिने तळघरातल्या पाइपांचं नाव काढलं तेव्हा तो म्हणाला, "ते होय? ते सकाळीच झालं की. टेम्पोत टाकलंय सगळं. एवढी घाई असेल तर घेऊन जा, आजी."

माणसं हसली. गिझेला टेम्पोशी गेली. फळीवरून तिचे टाके दिसत होते, मध्येच फाटलेले, त्यातून पांढरं बाहेर आलेलं. वारा सुटला होता आणि ते अंगणभर उडत होतं.

ती परत पायऱ्यांशी आली. "खायचं थांबवा," ती म्हणाली. "हा अ‍ॅस्बेस्टॉस आहे. मला ठाऊक आहे, कारण मीच शिवलाय तो. तोंडं धुवा. हे कपडे इथेच काढा, भिजवून पिशवीत भरा. घरी नेऊ नका. झटकू नका. बायकोला धुवायला देऊ नका."

मुकादम काहीतरी पुटपुटला. एकजण अजूनही हसत होता. दुसरा, वयाने मोठा, तिच्याकडे बघत होता, त्याने आपल्या हातातल्या पावाकडे पाहिलं, तो पायरीवर ठेवला आणि विचारलं, "नळ कुठेय इथे?"

"माझ्या अंगणात आहे, चल," गिझेला म्हणाली, आणि पुढे निघाली.